झाडून ठेवलेली सावली

सायकल चालवायला वेगळी चड्डी लागते, हे शालीकरामला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. बुडाखाली गादी शिवलेली चड्डी! ती घालून नागपूरचे पाच जण पहाटे साडेपाचला सालेकसाच्या लॉजसमोर मांड्या ताणत उभे होते. त्यांचे म्होरके साठीचे चंद्रशेखर साहेब मोठ्यानं आकडे म्हणत होते. शालीकराम आपल्या बावीस इंची सायकलला टेकून हा तमाशा पाहत होता. निघायच्या आधीच थकायची ही कसली तऱ्हा, म्हणून तो बाजूला थुंकला.

लॉजवाल्यानं त्याला वाटाड्या म्हणून दिलं होतं. दरेकसाचा घाट, पुढे जंगलातली गाडीवाट, छत्तीसगडच्या हद्दीला शिवून संध्याकाळी परत, असा ऐंशी किलोमीटरचा दिवस होता. शालीकरामला मात्र संध्याकाळचीच घाई होती. कुठलं मोहाचं झाड कुणी वेचायचं, हे ठरवायला गावात आज बैठक होती.

तो अठरा वर्षं गोंदियाला राइस मिलवर चौकीदार होता. दोन वर्षांपूर्वी गावी परतला, पण गावानं त्याला 'गोंदियावाला' हे नाव चिकटवलं ते चिकटवलंच. त्याच्या आईच्या मोहाखालची जागा मधल्या काळात गावातली अनुसयाबाई झाडत होती, आणि जो झाडतो तोच फुलं वेचतो, ही गावाची रीत. ते झाड पुढल्या हंगामापासून त्याला परत द्यायचं की नाही, हे आज ठरायचं होतं. झाड मिळालं तर तो गावचा, नाहीतर जन्मभर गोंदियावाला. म्हणूनच बाहेरच्या माणसाला नावं ठेवण्यात त्याच्याइतका हुशार गावात दुसरा नव्हता.

घाट लागला तसं त्याला नावं ठेवायला रान मोकळं झालं. उजव्या हाताला काळे कडे सरळ उभे होते, खाली बोगद्यातून मालगाडी बाहेर पडत होती, सगळ्या उतारावर पळस पेटला होता. पाहुणे हे सगळं फोनमधून पाहत होते. चंद्रशेखर साहेब तर दर वळणावर थांबून मनगटावरच्या घड्याळात आपल्या काळजाचे ठोके वाचत. स्वतःच्या छातीत काय चाललंय ते मनगटाला विचारायचं! शालीकराम घाट सायकल ढकलत चढला, जसा तो नेहमी चढायचा, आणि वर सगळ्यांची वाट पाहायची वेळ त्याच्यावर आली. त्यानं ती तोंड वाकडं करून पाहिली.

साडेआठला ते त्याच्याच गावाच्या शिवेत पोचले. सगळ्यांना भूक लागली होती. रस्त्यापासून हाकेवर एका मोठ्या मोहाखाली पालापाचोळा जाळून, जागा झाडून अंगणासारखी लख्ख केलेली होती. वरून एकेक फूल टपकत होतं.

"कितनी साफ जगह है!" डिंपल नावाची त्यांच्यातली पोरगी म्हणाली. "गाववालों ने टूरिस्ट लोगों के लिए बनाई होगी।"

ते झाड तेच होतं, आईचं. फुलं गळायची थांबेपर्यंत दुसऱ्याच्या झाडाखाली पाऊल टाकायचं नाही, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. तुडवलेल्या फुलाला माती लागते, ते वाळत नाही, काळं पडतं. शालीकरामनं तोंड उघडलं. एक वाक्य पुरे होतं.

पण अनुसयाबाई टोपली रिकामी करायला घरी गेली असणार आणि आत्ता परतणार, हे त्याला ठाऊक होतं. तिच्या जिभेची दहशत तीन गावांत होती. नागपूरच्या साहेबाला तिच्या शिव्या खाताना पाहायचं, आणि संध्याकाळी बैठकीत ते रंगवून सांगायचं. सगळे हसतील, मग कोण म्हणेल गोंदियावाला? त्यानं बिडी पेटवली आणि रस्त्यापलीकडच्या दगडावर जाऊन बसला.

पाहुण्यांनी सायकली आत नेल्या, चटई अंथरली, केळी सोलली. फुलांमधून चाकांच्या वाटा उमटल्या.

अनुसयाबाई आली. टोपली डोक्यावर तशीच ठेवून तिनं सगळं पाहिलं. पाचही जण उठून उभे राहिले, डिंपल तर भराभर फुलं गोळा करायला लागली.

"राहू दे बाई, तुले का मालूम," अनुसयाबाई म्हणाली. मग तिनं रस्त्याकडे पाहिलं. "शालीक, तू काऊन तिथी बसून राहिला?"

"काकी, मी आत्ताच..." तो उठून जवळ आला.

"तू नोको येऊ आत."

एवढंच. एकही शिवी नाही. पाचही पाहुणे गादीच्या चड्ड्या वर करून उकिडवे बसले आणि अर्धा तास तिच्यासोबत चांगली फुलं निवडत राहिले. शालीकराम रस्त्यावर त्यांच्या बाहेर काढलेल्या सायकली राखत उभा होता.

पुढचे पन्नास किलोमीटर त्याला कुणालाच नावं ठेवता आली नाहीत. कडे होते, दऱ्या होत्या, हद्दीवरचं साल-बांबूचं दाट रान होतं, त्याच्या डोळ्यांत काहीच भरलं नाही. एका उतारावर चंद्रशेखर साहेब शेजारी आले.

"दादा, त्या झाडाखाली जायचं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाई साहेब," तो लगेच म्हणाला. "मी अठरा वर्षं गोंदियात राहिलो. मले का मालूम."

साहेबांनी मान डोलावली. भला माणूस, त्याला ते खरं वाटलं. परतताना त्यांनी अनुसयाबाईच्या दारात सायकल थांबवली आणि पुन्हा माफी मागायला आत गेले. शालीकराम बाहेरच थांबला.

दिवेलागणीला बैठक बसली. उमेंद्र झाडांचा हिशेब ठेवायचा. शालीकरामच्या झाडाची पाळी आली तशी त्यानं विचारलं, "अनुसयाकाकी, तुमचं का म्हणणं हाय?"

"माह्या मनात देऊन टाका असंच होतं," ती म्हणाली. "सकाळी राग आला होता. वाटलं, यानं समजून-उमजून बसून पाहिलं. पण ते साहेब येऊन सांगून गेले. शालीकले मालूमच नोहतं म्हणे. गोंदियात राहिला ना तो." तिच्या आवाजात खरीच कीव होती. "मोहाखाली पाय ठेवू नये, हेही ज्याले मालूम नाई, त्याले झाड देऊन का करता बापा?"

सगळ्यांनी शालीकरामकडे पाहिलं. मला मालूम होतं म्हणावं, तर जाणूनबुजून बसून पाहिलं हेही कबूल करावं लागलं असतं. उमेंद्रनं पुढचं नाव घेतलं.