काट्यावरचे काका

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी द्रोणागिरीच्या गोदामात मी ज्या काकांवर खेकसले, चूक त्यांचीच निघाली. तरीही खेकसायला नको होतं.

मी महाप्याच्या एका छोट्या कंपनीत आहे. जुनी मशिनं नव्या कॉम्प्युटरशी जोडून देणं हा आमचा धंदा. त्यासाठी एक डबी असते. तिचं खरं नाव सिरियल डिव्हाइस सर्व्हर, पण एवढं लांब नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? एका बाजूनं मशीनची जुनी केबल, दुसऱ्या बाजूनं नेटवर्कची. मशीन किती वेगात बोलतं, एका आकड्याला किती बिट लावतं, हे डबीला आधी सांगून ठेवावं लागतं. चुकीचं सांगितलं की स्क्रीनवर नुसता कचरा.

गोदामात हळद-मिरचीची पोती एका जुन्या काट्यावर वजन व्हायची आणि काट्यावर असायचे साताऱ्याकडचे हे काका. उमेदीत त्यांनी तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहिली, मग पाठ गेली, आणि गेली बारा वर्षं त्यांची हीच जागा. गोदामाच्या साहेबांना आता वजन थेट वरच्या ऑफिसात, स्क्रीनवर हवं होतं. हा काटा जोडला गेला तर ठीक, नाहीतर त्याच दिवशी पाच वाजता नव्या काट्याची ऑर्डर जाणार होती. नव्याला पट्टा असतो, पोतं आपलं आपण पुढं सरकतं, माणूस लागत नाही.

हे मला काकांनीच चहा देताना सांगितलं. "ताई, ह्यो गेला की मी बी गेलोच समजा. पाठीवर पोतं घ्यायची ताकद आता न्हाय." अगदी हसत सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

मॅन्युअलची एक काळपट झेरॉक्स होती. त्यात कारखान्यातून येणारं सेटिंग तेवढं वाचता येत होतं: वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही. डबीत तेच भरलं. काकांनी पोतं ठेवलं आणि स्क्रीनवर चौकोन, प्रश्नचिन्हं, कसली कसली चिन्हं आली. केबल बदलली, डबी बदलली. तेच. तीन वाजून गेले आणि माझा पारा चढला.

"काका, याला कुठे हात-बित लावलाय का तुम्ही?"

"बारा वरसं हातच लावतोय की."

"तसं नाही हो, मागं, आत काही केलंत का?"

"मला काय कळतंय आतलं," म्हणाले आणि लांबच्या स्टुलावर जाऊन बसले. मला वाईट वाटलं. माफी मागायला वेळ नव्हता असं म्हणणार होते, पण वेळ होता. मागितली नाही, एवढंच.

मग काट्याच्या डिस्प्लेच्या मागे बोटाएवढं झाकण दिसलं. ते उघडलं तर आत आठ इवलीशी पांढरी बटणं. आठही एका रेषेत खाली, आणि त्यांच्यावर बारा वर्षांची हळद, कुंकू आणि तेल.

"काका, जरा इकडं या."

ते आले, वाकून बघितलं. "ती व्हय. पहिल्या दसऱ्याला काटा पुसला, पूजा मांडली, बघतो तर एक वर, एक खाली. वाकडंतिकडं. पूजेला बरं दिसंना, म्हणून सरळ केली. काट्यानं कदी तक्रार केली न्हाय."

कशी करेल? वजन समोर बरोबरच दिसायचं. ती बटणं होती फक्त वजन बाहेर कसं पाठवायचं ते ठरवायला, आणि बारा वर्षांत बाहेरची केबल कुणी लावलीच नव्हती. काकांच्या हळूहळू लक्षात आलं. "म्हंजी माझ्याच हातानं केलं म्हणा."

मी चिडायला हवं होतं, पण मला हसूच फुटलं. आमच्या आईनं मागच्या दसऱ्याला माझ्या लॅपटॉपच्या यूएसबीच्या भोकात झेंडूची पाकळी खोचली होती. मी कुणाला काय बोलणार? तिथेच काकांची माफी मागितली. म्हणाले, "लेकीचं बोलणं कोन मनावर घेतंय."

बटणं परत फिरवायला गेले तर तेलानं घट्ट बसलेली. एखादं मोडलं असतं तर काटाच संपला असता. म्हटलं, राहू देत सरळ, आपण डबीलाच वळवू. पण सगळी बटणं खाली म्हणजे कुठलं सेटिंग, तो तक्ता झेरॉक्समध्ये काळाठिक्कर. मग एकेक वेग कमी करत गेले. ४८००, कचरा. २४०० लावलं आणि स्क्रीनवर स्वच्छ आलं: ३५.६०. काट्यावरही तेच. मी टाळी वाजवली.

काकांनी दुसरं पोतं ठेवलं. काट्यावर ४८.२०, स्क्रीनवर टिंब आणि शून्य सोडून सगळा कचरा.

"ताई, तुमची डबी पोतं बघून बोलती का?"

मी जीभ चावली. त्यांना आणखी चार पोती ठेवायला लावली आणि नीट येणारे आकडे पुठ्ठ्यावर लिहिले. शून्य, तीन, पाच, सहा, नऊ. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. काटा प्रत्येक आकड्यामागे तपासणीचा एक बिट, म्हणजेच पॅरिटी, जोडत होता आणि डबी त्यालाही आकड्यातच धरत होती. तो बिट शून्य असला की आकडा नीट येत होता, एक असला की बिघडत होता. बिट सात केले, पॅरिटी इव्हन, सेव्ह करून डबी पुन्हा चालू केली.

पाचला दहा कमी. पोती तोवर ट्रकमध्ये चढली होती, काट्याजवळ एकही नव्हतं.

"काका, ठेवा काहीतरी. काहीही."

काकांनी इकडं तिकडं बघितलं. मग चपला काढल्या, वाकून काट्याला हात लावून नमस्कार केला आणि स्वतःच वर उभे राहिले.

माझा फोन वाजला. साहेब होते, मी स्पीकरवर टाकला. "एकसष्ट पॉइंट ऐंशी आलंय इथे. पण माल तर सगळा चढला ना? हे कसलं पोतं?"

"साहेब, पोतं न्हाय," काका म्हणाले. "मी हाय."

मग साहेब म्हणाले, "बरं. नव्या काट्याचं राहू दे. उतरा आता, पुढचा ट्रक लागतोय."

काका लगेच उतरले नाहीत.