खाऱ्या वाऱ्याचे वैरी

अरबी समुद्राशी एकट्याने, तेही शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन लढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे मार्व्याचे घरमालक. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मनोरीची बोट जिथून सुटते त्या जेट्टीच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीत त्यांची दोन खोल्यांची जागा आम्ही भाड्याने घेतली होती. घर बघायला गेलो तेव्हा एजंट मला खिडकीत उभं करून "हवा बघा मॅडम, हवा" करत होता, आणि काका मागून शांतपणे सांगत होते की हवेवर जाऊ नका, ही हवा फ्रिज खाते. मग त्यांनी मला खिडकीचे गज दाखवले, नळ दाखवला, पंख्याची दांडी दाखवली आणि यातलं कोण किती दिवसांचा सोबती आहे तेही सांगून टाकलं. एजंटने डोळे वटारले, खोकून पाहिलं, शेवटी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. काही उपयोग नाही. स्वतःच्या घराची इतक्या मनापासून बदनामी करणारा मालक मला आवडून गेला आणि मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मी हिंगोलीकडची. आमच्याकडे प्यायला पाणी मिळण्याची मारामार, गंजायला कुठून येणार? त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पनाच नव्हती.

काकू गेल्यावर मुलाने काकांना बोरिवलीला आपल्याकडे नेलं होतं. पण ते तिकडे राहतात, हे फक्त आधार कार्डापुरतं खरं. दिवसाआड सकाळी आमची कडी वाजायचीच. बेल होती, पण बेलवर त्यांचा विश्वास नव्हता. कडी वाजवली की तिची तब्येत कळते म्हणे. दार उघडलं की "काय गो बाय, बिजागऱ्या काय म्हणतात?" ही चौकशी पहिली, माझी नंतर. मग खिशातून बाटली निघायची. दारं, खिडक्या, कात्री, छत्र्या, नवऱ्याची सायकल, कशाचीही सुटका नाही. पोळपाट लाकडाचा म्हणून वाचला. टेबलावरच्या आमच्या पितळी बुद्धमूर्तीसमोर मात्र त्यांनी हात जोडले आणि "पितळ गंजत नाय, काळजी नको" असं सांगितलं, मला की बुद्धांना ते कळलं नाही. एकदा माझे साहेब जेवायला आले होते. त्यांच्या चष्म्याची काडी करकरलेली काकांनी ऐकली, चष्मा नाकावरून अलगद उतरवला, काम केलं आणि परत बसवला. तेलकट काचांतून साहेबांना सुरमई कुठे नि सोलकढी कुठे दिसेना, बिचारे चाचपडत जेवले. माझ्या सासूबाई एकदा सहज म्हणाल्या की गुडघे फार कुरकुरतात हो, तर काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. सासूबाईंनी झटकन पाय पोटाशी घेतले.

या तेलापायी आमच्या घराचा आवाजच गेला. नवरा कधी येऊन मागे उभा राहिला ते कळायचं नाही, मी दचकून दूध सांडायची. पण खरी वाट लागली ती भांडणात. मी तापट आहे, लपवत नाही. भांडण झालं की आतल्या खोलीत जाऊन दार धाडकन आपटायचं, ही माझी माहेरापासूनची पद्धत. मार्व्याला मी सगळा जोर लावून दार आपटलं, तर ते लोण्यासारखं गेलं आणि चौकटीला हळूच टेकलं. बाहेर नवरा फिस्सकन हसला. मी उघडून परत आपटलं, परत तेच. मग मलाच हसू फुटलं आणि एवढं चांगलं पेटलेलं भांडण विझलं. मी फोन करून काकांना फैलावर घेतलं, की तुमच्यामुळे मला धड रागावताही येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दार खालून घासत नाय ना?"

एका रविवारी मात्र मी खरंच वैतागले. सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी कडी वाजली आणि मी दारातच विचारलं, काका, मुलाच्या घरात दारं नाहीत का?

"आहेत ना," ते म्हणाले. "सगळी नवी. ड्रॉवर ढकलला की आपोआप बंद होतो. खिडक्या ॲल्युमिनियमच्या. तिकडे कायच गंजत नाय गो बाय. माणसाने दिवसभर करायचं काय?"

मला फार वाईट वाटलं. मी गुपचूप चहा टाकला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी काहीबाही राखून ठेवायला लागले. चांगली चालणारी कात्रीसुद्धा अडते म्हणून सांगायची.

पुढे मुलाने ती जागा विकायला काढली. आमचं कांजूरमार्गचं घर तयार झालं होतं, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. अडलं ते काकांचं, कारण आता त्यांना जायला जागाच उरत नव्हती. सामान निघालं त्या दिवशी ते रिकाम्या खोल्यांतून एकेका बिजागरीला तेल देत फिरत होते. मी म्हटलं, काका, नवा मालक हे सगळं उखडून टाकणार आहे. "असू दे," ते म्हणाले, "त्याला उखडताना त्रास नको."

कांजूरला समुद्र नाही. कधीमधी कचऱ्याच्या डंपिंगचा वास येतो, पण वास काही लोखंड खात नाही. बरेच दिवस काकांची खबर नव्हती. फोन केला तर बरं आहे म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. मग एका सकाळी बेल वाजली. बोरिवलीहून बसेस बदलत काका आले होते. हातात बाटली नव्हती. दारातच उभे राहून त्यांनी बिजागरीकडे पाहिलं.

"इथे गंज नसणार."

"नाही काका."

"मग माझं काय काम," असं म्हणून ते तसेच उभे राहिले. आत येईनात, जाईनात.

मला भरूनच आलं, आणि भरून आलं की मी ओरडते. "काही काम नाही," मी म्हटलं. "काम असलं तरच यायचं का माणसाने? चपला काढा आधी."

ते येऊन खुर्चीच्या टोकावर बसले. इतक्या वर्षांत त्यांना नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. मी मटारच्या थोड्या शेंगा ताटात ओतून त्यांच्यापुढे सरकवल्या. त्यांनी एक सोलली, मग दुसरी. जेवायला थांबाल ना, असं विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "शेंगा संपेपर्यंत तर थांबायलाच लागेल गो."

मी पिशवीत उरलेल्या सगळ्या शेंगा ताटात ओतल्या.