खसाचा फाया

पिंपळगाव रेणुकाईच्या कचरूनानांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथं झालं तेव्हा आजीनं ते फडक्यात गुंडाळून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून घरात आणलं आणि नाव ठेवलं कचरू. कुणाची नजर पडू नये, मरणाचीसुद्धा. पोर जगलं आणि नाव तेच राहिलं. आणि गावात सगळ्यात चांगला वास कुणाच्या अंगाला यायचा, तर याच माणसाच्या.

उन्हाळ्यात खस आणि थंडीत हिना. सकाळी आंघोळ झाली, देवाला फूल वाहिलं, की नाना पत्र्याची डबी उघडायचे, कापसाचा बारीक फाया अत्तरात बुडवायचे आणि कानाच्या वरच्या घडीत ठेवायचे. बाटली उघडली की आधी क्षणभर डोळे मिटायचे. शेतात जायचं असलं तरी यात बदल नव्हता.

चुलतभाऊ रामकिसन बांधावरून ओरडायचा, "नाना, औंदा कपाशीवर अळी पडली तं औषध न्हाई आणायचं. तुमचा फाया फिरवून आणू!"

"आण की. अळी बी खुश होईल," एवढंच नाना म्हणायचे.

बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. त्यांचा खसही तसाच होता. मोगऱ्यासारखा धावून अंगावर येणारा नव्हे. जवळ जाऊन बसलं की माठातल्या वाळ्याच्या पाण्यासारखा गारवा यायचा. गावात लग्न असलं की मांडवाच्या दारात अत्तरदाणी घेऊन नानाच उभे राहायचे. कपड्याला कधी लावायचे नाहीत, डाग पडतो म्हणून. हाताच्या पाठीवर एक ओढ. सरपंचाला जेवढी, तेवढीच मांडव बांधणाऱ्या गड्याला.

त्यांची एकुलती एक मुलगी अर्पिता. लहानपणी ती डोळे मिटून पडलेली असली तरी नाना घरात आले की तिला कळायचं. पुढं ती जालन्याला कॉलेजात गेली, हॉस्टेलवर राहिली. नाना महिन्याकाठी भाकरी-चटणीचा डबा घेऊन जायचे, आणि खोलीतली मधुवंती नाक वर करून म्हणायची, "अर्पे, ऊठ. जत्रा आली बघ जिन्यावर."

मुली हसायच्या. अर्पिताही हसायची, पण ते तिच्या मनात रुतून बसलं. पुढच्या खेपेपासून ती नानांना फाटकातच गाठू लागली.

शिक्षण झालं, जालन्यातच एका बियाणे कंपनीत नोकरी लागली. पार्थचं स्थळ आलं. मुलगा कारखान्याच्या ऑफिसात, वडील मार्तंडराव आणि आई अरुंधतीताई दोघंही सरकारी नोकरीतून निवृत्त. फाल्गुनात ते पाहायला येणार म्हणून अर्पिता आदल्या दिवशीच घरी आली. येताना नानांसाठी एक स्प्रे घेऊन आली.

"नाना, उद्या हे लावा. ते अत्तर नका लावू."

"का बरं माय?"

"शहरातली माणसं आहेत. त्यांच्यात कानात फाया कुणी ठेवत नाही."

नानांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कानात फाया नव्हता. पण खांद्यावरचं उपरणं तेच होतं, आणि त्यात किती वर्षांचं अत्तर मुरलेलं! अर्पिता चहाचा ट्रे घेऊन आली आणि नेमकं तेव्हाच अरुंधतीताईंनी विचारलं, "खसाचा वास येतोय का हो? कुणी लावतं का घरात?"

अर्पिताच्या तोंडून गेलं, "नाही नाही. शेजारी एक म्हातारे आहेत, ते लावतात. वारा आला की येतो इकडं."

तिची आई नंदाबाई दारात उभी होती, तिनं नानांकडं पाहिलं. नानांनी चहाची बशी खाली ठेवली.

"हां," ते म्हणाले. "शेजारचे हायेत एक. सवय हाय त्याह्यला."

"चांगला आहे हो वास," अरुंधतीताई म्हणाल्या आणि चहा घेऊ लागल्या.

एवढंच झालं. लग्न जमलं.

वैशाखात जालन्याच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. दारात दोन मुली मशीननं सुगंधी पाणी उडवत होत्या. रामकिसन नानांना शोधत आला. "आवं नाना, अत्तरदाणी कुठंय? आन् आज बी तुमचा वास न्हाई. गर्दीत हुडकायचं कसं तुम्हाला?"

"आज मी नवरीचा बाप हाय ना. डोक्याला फेटा हाय, त्याच्यावरून हुडक."

रामकिसन हसला. शालू नेसून शेजारीच उभ्या असलेल्या अर्पितानं हे ऐकलं, आणि गुरुजींनी बोलावलं म्हणून ती पुढं गेली.

तिला खरं कळलं ते दिवाळीत. माहेरी आली होती, दुपारी जेवून ओसरीवर आडवी झाली. उठली तर नाना खांबाला टेकून शेंगा सोलत बसलेले.

"नाना! कधी आले?"

"झाला की घंटाभर."

घंटाभर बाप हाताच्या अंतरावर बसला होता आणि तिला कळलं नव्हतं. ती उठून आत गेली, कोनाड्यात पत्र्याची डबी पाहिली. त्यात सुया आणि बटणं होती.

"आई, नानांचं अत्तर?"

नंदाबाई करंज्या डब्यात भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. "पाहुणे गेले त्याच संध्याकाळी बाटल्या देवीच्या देवळात देऊन आले. पूजेला होतील म्हणले."

"तू काही बोलली नाहीस?"

"मी काय बोलू बाई? तू बोलल्ती ना."

नानांसमोर माफी मागावी, तर ते "कशाची माफी" म्हणून उठून जातील, हे अर्पिताला माहीत होतं. खोटं ज्यांच्यासमोर बोललं, त्यांच्यासमोरच ते परत घ्यायला हवं होतं.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या बोळात नानांचे ठरलेले अत्तरवाले चाचा होते. सासरी परतल्यावर ती तिथं गेली.

"कचरूभाई की बेटी?" चाचांनी चष्मा वर केला. "होली के बाद आये नहीं. तबियत ठीक है ना?"

"ठीक आहे. खस द्या, त्यांना आवडतो तो."

"ठंड में तो वो हिना लेते हैं."

"नाही, खसच द्या," ती म्हणाली. तिला त्या दिवशीचाच वास हवा होता.

मार्गशीर्षातल्या मंगळवारी अरुंधतीताईंना रेणुकाईची ओटी भरायची होती. दोघी पिंपळगावला आल्या. नाना-नंदाबाई देवळातच भेटले. ओटी झाली, सोमेश्वर गुरुजींनी प्रसाद दिला, आणि अर्पितानं पर्समधून बाटली काढली.

"आई," ती सासूला म्हणाली. "त्या दिवशी वास आला तो शेजाऱ्यांचा नव्हता. माझे नाना लावायचे. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले."

अरुंधतीताई म्हणाल्या, "मला कळलं होतं गं. निघताना ते वाकून नमस्कार करायला आले तेव्हाच उपरण्याला वास आला. म्हटलं, पोरगी घाबरली असेल."

नाना देवीकडं पाहत होते. "काय हे माय," ते म्हणाले. "देवीपुढं असल्या गोष्टी काढतेत का?"

"देवीपुढंच काढायला पाहिजे, नाना."

त्यांनी बाटली घेतली. झाकण काढलं आणि जुन्या सवयीनं डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले की नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. मग नानांनी एक थेंब देवीच्या पायाशी लावला, अरुंधतीताईंच्या हाताच्या पाठीवर एक ओढ, गुरुजींना एक, नंदाबाईला एक आणि अर्पिताला एक. सगळ्यांना सारखी. आणि झाकण लावलं.

"तुम्हाला, नाना?"

"हा उन्हाळ्याचा, माय. थंडीत खस न्हाई लावत."

अर्पिताला चाचांचं बोलणं आठवलं. सव्वीस वर्षं ती त्या वासात वाढली होती, आणि कोणता वास कधीचा, हे दुकानदाराला ठाऊक होतं, तिला नाही.

"मग हिना आणते. पुढच्या आठवड्यात आणते."

"नको. सवय न्हाई राह्यली आता." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी बाटली तिच्या हातात परत दिली आणि तिची मूठ मिटवली. "तू ठेव. उन्हाळा तर येऊ दे."

"उन्हाळ्यात लावाल?"

"बघू," नाना म्हणाले, आणि पायऱ्यांवर अरुंधतीताईंची चप्पल सरळ करून ठेवायला वाकले.

परतीच्या वाटेवर अर्पिता मांडीवर हात पालथा ठेवून बसली होती. खसाचा वास जालन्यापर्यंत टिकला. घरी पोचल्यावर सासू म्हणाली, हातपाय धुऊन घे, जेवायला बसू. ती न्हाणीत गेली आणि नळ सोडून, अत्तराचा हात पाण्यापासून लांब धरून, बराच वेळ तशीच उभी राहिली.