बोटीवर फडकलेला बनियन

हसणार नसाल तर सांगतो. नाही, तुम्ही हसणारच, पण निदान तोंडातला चहा आधी गिळून घ्या!

२०१६ची गोष्ट. आम्ही तेव्हा ऑकलंडमध्ये, न्यू लिनला राहायचो आणि इरा, म्हणजे आमचं कन्यारत्न, आठ वर्षांची होती. तिच्या वर्गाची ट्रिप निघाली एका जुन्या लाइटशिपवर. समुद्रात जिथे दीपगृह बांधता येत नाही, तिथे अशी बोट डोक्यावर दिवा घेऊन नांगर टाकून उभी राहायची. ही आता निवृत्त होऊन धक्क्याला बांधलेली होती, पर्यटकांसाठी.

मदतीला एक पालक हवा होता. मी हात वर केला, तर इरानं दोन दिवस अबोला धरला! शेवटी तह झाला.

"बाबा, यू कॅन कम. पण प्लीज, डोन्ट बी एम्बॅरसिंग. प्रॉमिस?"

"अगं, मी कधी..."

"नेहमी!"

दिलं वचन. मोठ्यानं ओरडायचं नाही, टीचरला गणिताचा अभ्यास वाढवा म्हणायचं नाही, चिवड्याचा डबा फिरवायचा नाही. सगळं कबूल. पण दोरीबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं हो!

झालं काय, बोटीवर चढताना ऑकलंडचा पाऊस कोसळला आणि पाच मिनिटांत लख्ख ऊन. पोरं रेनकोटात कोरडी, मी आतपर्यंत चिंब. टॉयलेटमध्ये जाऊन शर्ट-बनियन उतरवला, बॅगेतलं कोरडं जॅकेट चढवलं. बाहेर येतो तर डेकवर चिटपाखरू नाही. सगळे खाली केबिन बघायला गेलेले. आणि समोर, भर उन्हात, डोलकाठीवरून उतरलेली छान ताणलेली दोरी!

आता मला सांगा, हातात ओले कपडे, वर ऊन, दोरी रिकामी. आपल्यापैकी कोण गप्प बसेल? चिमटे नव्हते, म्हणून शर्टाच्या बाह्या आणि बनियनचे पट्टे दोरीला बांधून टाकले. गाठ अशी, की गादीची वळकटी बांधतात ना, तशी. जन्मात सुटायची नाही. मग मीही निवांत खाली गेलो.

खालचे बंक, शेगडी सगळं बघून होईस्तोवर पोरं वर गेली आणि ग्रॅहमचा आवाज आला. ग्रॅहम म्हणजे पंच्याहत्तरीचा गाईड, पायात जॅन्डल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. दोरीचं ओढायचं टोक केबिनच्या पलीकडे होतं. तिथून तो म्हणाला, "राइट, टीम! असं निशाण वर चढवायचं. वन, टू, थ्री, पुल!"

धावत वर आलो. चोवीस पोरं जीव खाऊन ओढत होती आणि शर्टाच्या पुढे माझा बनियन दिमाखात आभाळाकडे निघाला होता.

"स्टॉप! अरे थांबा!" मी बोंबललो. वचन गेलं बोंबलत!

पोरं थांबली, पण तोवर गाठ वरच्या कप्पीत जाऊन अडकली. वर जाईना, खाली येईना.

त्या बनियनबद्दलही सांगायलाच हवं. मुग्धा, माझी बायको, चार वर्षं मागे लागली होती, "अरे, फडकं करू दे मला त्याचं." मी म्हणायचो, "आतून कोण बघतंय?" आता अख्खं बंदर बघत होतं. भोकाभोकातून निळं आभाळ दिसत होतं हो!

जवळून जाणाऱ्या एका बोटीतून कुणीतरी ओरडलं, "यू ऑलराइट देअर? नीड हेल्प?"

"स्वीट अ‍ॅज!" ग्रॅहमनं हात हलवला, म्हणजे सगळं झकास! मग मान वर करून मला हळूच विचारलं, "हे कुठल्या देशाचं निशाण म्हणायचं?"

चोवीसपैकी तेवीस पोरांनी माझ्याकडे पाहिलं. इरानं समुद्राकडे.

परतताना बसमध्ये ती माझ्यापासून चार सीट लांब बसली. फार वाईट वाटलं मला. पोरीनं एकच तर गोष्ट मागितली होती, तीही धड जमली नाही.

आठवड्यानं पालकांना वर्गात बोलावलं. मुग्धा आणि मी गेलो. भिंतीवर चोवीस चित्रं, विषय लाइटशिप. एकाही चित्रात दिवा नाही! प्रत्येक डोलकाठीवर पांढराशुभ्र बनियन. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तेवढ्यात इरानं माझा हात धरून ओढत तिच्या चित्रापुढे नेलं. स्वारी एकदम खूश!

"बाबा, सगळ्यांना तू हीप्स आवडलास, खूप खूप! पण होल्स सगळ्यांची चुकली. ओन्ली माइन इज करेक्ट. इलेव्हन!"

माझा जीव भांड्यात पडला. मी आपला कौतुकानं मोजायला लागलो, तर मुग्धा मागून म्हणाली, "तुझंही चुकलं गं बाळा. पाठीची सात राहिली."