इंग्रज नट आणि त्याची दुभाषी

अमरावतीत आमचं एक हौशी नाट्यमंडळ आहे. एका हिवाळ्यात मंडळाच्या अध्यक्षांना कुठून तरी कळलं, की विलायतेतला एक नट आणि नाटककार आपल्या आजोबांच्या खुणा शोधत वऱ्हाडात येतोय. आजोबा म्हणे अकोल्यात कापूस खरेदी करायचे. अध्यक्षांनी लगेच चार दिवसांचं शिबिर जाहीर केलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सत्तरीचा उंच, वाकलेला माणूस गाडीतून उतरला. आवाज मात्र असा, की "थोडं पाणी मिळेल का?" विचारलं तरी राजा वनवासाला निघाल्यासारखं वाटावं. अध्यक्षांनी शाल, श्रीफळ, फेटा असं सगळं एकाच दमात घातलं आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, त्याईले इचारा, पिच्चरमंधी होते का?"

मी विचारलं. तो म्हणाला, एका गुन्हेगारी मालिकेत होतो. पहिल्या पाच मिनिटांत सापडणारं प्रेत मीच. पन्नास शिबिरार्थी माझ्याकडे डोळे लावून बसले होते. मी सांगितलं, "मालिकेची सुरुवात यांच्यापासूनच व्हायची." टाळ्या पडल्या. तो खूश झाला, अध्यक्ष खूश झाले. मग मला चटकच लागली. खाटकाचा मुलगा, सोळाव्या वर्षी घर सोडलं, नाटकं लिहिली, दोन-चार रंगभूमीवर आली, एवढंच त्याचं खरं आयुष्य. मी त्याला मराठीत बरंच वर नेऊन ठेवलं.

पाचव्या दिवशी अकोल्याला त्याचा एकपात्री प्रयोग होता. नाटक त्याचंच. आजोबांचीही भूमिका तोच करणार, आणि त्यांच्या वऱ्हाडी मजुराचीही. मजुरासाठी त्याला 'अस्सल' पोशाख हवा होता. आमच्या नाटकांचा कपडेपट शिवणारे चाचा अकोल्याचेच. त्यांनी त्याने काढलेलं मजुराचं रेखाटन पाहिलं आणि म्हणाले, "ये कौन है? मेरे दादा भी ऐसे नहीं दिखते थे."

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"तुम्हाला शोभेल म्हणाले."

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. मी विंगेत माइक आणि संहिता घेऊन बसले होते; तो बोलून थांबला की मी मराठीत सांगायचं. आजोबा दयाळू, न्यायी आणि कापसापेक्षा मऊ होते, असं पाऊण तास चाललं. शेवटी आजोबा मायदेशी निघतात आणि मजूर त्यांचे पाय धरून हंबरडा फोडतो. इंग्रज म्हातारा धोतरात ओक्साबोक्शी रडू लागला, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "काहून रडून राहिला बे हा? सायेब चालला तं बरंच झालं ना!"

अख्खं सभागृह हसलं. तो थांबला आणि पुढचं वाक्य विसरला. मी विंगेतून दोनदा सांगितलं, पण तो ऐकतच नव्हता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय म्हणाले ते? नीट सांगा."

खोटं सुचलं नाही असं नाही. दोन-तीन सुचली. पण त्याचं तोंड पाहून मी शब्दन् शब्द सांगितला.

त्याने फेटा काढून स्टुलावर ठेवला आणि प्रेक्षकांशी बोलू लागला. म्हणाला, आजोबांबद्दल मला एवढंच ठाऊक आहे, की ते इथे एक उन्हाळा टिकले आणि पळाले. बाकी सगळं मी रचलं. मग स्वतःचं सांगू लागला. एका मोठ्या नाटकात तो अनेक वर्षं बदली नट होता. मुख्य नट आजारी पडला, तरच याने उभं राहायचं. तो कधी आजारी पडेना. एकदा पडला, तेव्हा याने गावाहून आईला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. तिसऱ्या घंटेला मुख्य नट ताप घेऊनच रंगमंचावर गेला. प्रयोग संपल्यावर आई म्हणाली, "छान झालं. तू कुठल्या प्रवेशात होतास?" हा म्हणाला, "गर्दीत."

मी जसंच्या तसं मराठीत सांगत होते. कुणी हसलं नाही. दुसऱ्या रांगेतले आजोबा म्हणाले, "आता बोलला बुवा माणसासारखा." दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पेपरात बातमी दिली, 'इंग्रज नटाच्या अश्रूंनी अकोलेकर हेलावले.'

वर्षभराने त्याने नवं नाटक पाठवलं. त्यात अकोल्याची ती संध्याकाळ होती आणि एक दुभाषी बाई होती. सगळ्यांना गोड वाटेल ते सांगणारी, दोन्ही भाषांत खोटं बोलणारी. मालिकेतल्या प्रेताचाही प्रसंग होता. म्हणजे माझी थाप तेव्हाच कुणीतरी त्याला सांगितली होती, आणि तो चार दिवस गप्प बसून माझ्याकडे पाहून हसत होता. दोन दिवस मी धुमसले. मग लक्षात आलं, नाटकातली सगळ्यात चांगली भूमिका तीच आहे.

मी अनुवाद केला, एकही शब्द न बदलता, आणि बाईची भूमिका मीच केली. अमरावतीच्या स्पर्धेत प्रयोग झाला. पुण्याहून आलेले परीक्षक म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. पण ही दुभाषी खरी वाटत नाही. अशा बायका नसतात. आणि वऱ्हाडी जरा कमी करा." उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. अध्यक्षांनी ते लॅमिनेट करून मंडळात टांगलंय. त्यावर माझं आडनाव चुकलंय.