हिरेमठ सरांचं वादळ

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात रावसाहेब कांबळे तीस वर्षं शिपाई आहेत. कागदावर प्रयोगशाळा परिचर. काम मात्र दगड कापण्यापासून चहा आणण्यापर्यंत पडेल ते. एवढ्या वर्षांत त्यांनी चार विभागप्रमुख पाहिले आणि मनातल्या मनात चौघांनाही निकालात काढलं. तोंडानं ते कधी कुणाला अवाक्षर बोलले नाहीत.

सध्याचे प्रमुख डॉ. बसवेश हिरेमठ. हा माणूस दगडाकडं बघतो कमी आणि दगडाशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो जास्त, असं रावसाहेबांचं मत.

विभागाच्या काचेच्या कपाटात लडाखहून कुणीतरी कधीकाळी आणलेला, घागरीएवढा चुनखडीचा दगड होता. त्यात रुडिस्ट नावाच्या जीवांची दाटी. शिंपल्यांचेच हे भाऊबंद. एक शिंपला कुल्फीच्या कोनासारखा लांबट, टोक चिखलात रुतवलेलं, आणि दुसरा म्हणजे वरचं नुसतं झाकण. दहा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, कोमट समुद्रात ते खांद्याला खांदा लावून उभे राहत. जुन्याच्या अंगावर नवा बसे आणि पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या तळावर टेकाडं वाढत जात.

त्या दगडाचा एक काप रावसाहेबांनी स्वतः मशीनवर काढून, घासून गुळगुळीत केला होता. प्रत्येक कोनाच्या पोटात टोकाकडं राखाडी गाळ आणि झाकणाकडं पांढरे स्फटिक. गाळ खाली बसतो हे चार-चार दिवसांचं पाणी पिंपात भरून ठेवणाऱ्या सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. म्हणजे टोक खाली, तोंड वर. जीव जसे जगले तसेच जागच्या जागी गाडले गेले. हे समजायला डॉक्टरेट लागत नव्हती, आणि डॉक्टरेट असलेल्याला ते समजलंही नाही.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. त्या दिवशी विभागात हातोडे, सूक्ष्मदर्शक, दगड, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो. सरांना हा दगड पूजेत मधोमध हवा होता, पण टोकांवर तो काही केल्या उभा राहीना. मग सरांनी सरळ उलटा केला. टोकं वर आली, देवळाच्या शिखरांसारखी दिसायला लागली, हारही नीट बसला. सर त्या रूपावर इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवशी रावसाहेबांकडून पांढरं सिमेंट कालवून घेऊन दगड तसाच पक्का बसवून टाकला. रावसाहेबांनी मुकाट्यानं कालवलं. शिकलेला माणूस आपल्या पायानं खड्ड्यात चाललाय, तर आपण कशाला आडवं जायचं? त्या आठवड्यात त्यांची फार करमणूक झाली.

सर खड्ड्यात पडले नाहीत. खंडेनवमी विसरून त्यांनी त्या दगडावर शोधनिबंधच छापला. गाळ वरच्या अंगाला दिसतो, अर्थात तो घट्ट झाल्यावर भयंकर वादळ आलं आणि अख्खं टेकाड उलथलं. हे वादळ झेंडूचा हार बसावा म्हणून आलं होतं, हे ठाऊक असलेला माणूस तेव्हा कोपऱ्यात कप विसळत होता.

रावसाहेबांची मुलगी धम्मप्रिया याच विभागात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. सरांनी तिला प्रकल्प दिला तो नेमका या वादळाचे आणखी पुरावे शोधण्याचा. जेवताना रावसाहेबांनी नेहमीसारखी सरांची टर उडवायला घेतली आणि खंडेनवमीची गोष्ट रंगवून सांगितली. धम्मप्रिया हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काप भिंगाखाली धरला, आणि प्रकल्पात लिहून टाकलं की दगड उलटा बसवलाय, वादळ वगैरे काही नाही. सर भडकले. आता तोंडी परीक्षेत हे टिकलं नाही, तर तिचं वर्ष जाणार होतं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक बाई आल्या. सर म्हणाले, दगड आणला तेव्हापासून असाच आहे. बाईंनी काप निरखला. गाळाचा अर्थ दगड आधी कसा होता यावर ठरणार, तेव्हा ते पाहिलेलं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. धम्मप्रियानं दाराकडं बोट केलं. दारात चहाचा ट्रे घेऊन रावसाहेब उभे होते.

तीस वर्षं मनात घोळवलेलं सगळं आता एका वाक्यात सांगता आलं असतं. ते म्हणाले, "आता काय आठवत न्हाय, मॅडम. सर म्हणत्यात तसंच असंल की."

बाईंनी शेरा लिहिला: पुरावा अपुरा, प्रकल्प पुन्हा करावा.

 घरी जाताना सात रस्त्याला सिग्नल लागला तेव्हा धम्मप्रियानं विचारलं, "पप्पा, भ्या वाटलं व्हय तुमाला?"

रावसाहेबांनी मनाशी खरोखर शोधून पाहिलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. सर त्यांचं काहीच वाकडं करू शकत नव्हते.

"भ्या कशाचं?" ते म्हणाले. "सवयीनं बोललो."

भीती असती तर तिनं माफ केलं असतं, हे तिच्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं.