काट्यावर चढलेली शाळा

आमचं शैक्षणिक शेत बघायला आलेली पहिलीच शाळा मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चढवली. माहितीपत्रकात असं काही लिहिलेलं नव्हतं.

माजलगावजवळच्या आमच्या शेतात शहरातल्या पोरांनी यावं, म्हशीची धार काढावी, भुईमूग उपटावा, बैलगाडीत बसावं, अशी माझी योजना. धार शिकवणार माझी बायको सुनंदा, भुईमूग माझ्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, आणि बैलगाडी माझ्याकडे. (कारण बाकीचं मला काहीच येत नव्हतं. बैलगाडीही येत नव्हती, पण ते फक्त सुनंदाला माहीत होतं!)

बैल आबांनी एका ऊसतोड मजुराकडून घेतलेले. सरदार आणि सुलतान.

"कसे हायेत, आबा?"

"लई गरीब! हाकायचंबी काम न्हाई. आपले आपण चालत्यात."

कुठं चालत्यात, हे विचारायचं मला सुचलं नाही.

बीडहून बस आली. मुख्याध्यापिका बाई उतरल्या: कडक साडी, काळा चष्मा, त्याहून कडक चेहरा. शाळा खूश झाली तर शेत चालणार, नाहीतर मी मेहुण्याच्या खताच्या दुकानात गोण्या उचलणार, असं घरात ठरलेलं. म्हणून पहिल्या फेरीचा मान मी बाईंनाच दिला. सोबत सातवीची पोरं. विहिरीला वळसा घालून परत यायचं, बस्स!

बैल विहिरीकडे वळलेच नाहीत. ते फाटकातून बाहेर पडले आणि डांबरी रस्त्याला लागले.

"हा फेरीचाच भाग आहे का?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम! परिसर दर्शन!" मी जिवाच्या आकांतानं कासरा ओढत म्हणालो. कासरा ओढला की सरदार मान वळवून माझ्याकडं बघायचा (हे कोण नवीन आलंय, अशा नजरेनं) आणि पाय उचलायचा.

मागून स्कूटीवर सुनंदा आली. "आवो, कुठं चाललाव?"

"बैलांना विचार!"

"बाईंना उतरवा की आधी!"

"थांबले तर उतरवीन ना!"

बैल थांबले ते थेट कारखान्याच्या दारात, उसाच्या गाड्यांच्या रांगेत. इतकी वर्षं रोज तिथंच थांबत होते बिचारे! मी श्वास घेतो न घेतो तोच मागंही गाड्या लागल्या. पुढं ऊस, मागं ऊस आणि मधे सातवी.

"गाडी काढ बे बाजूला!" मागचा गाडीवान ओरडला.

"कुठून काढू? तूच सांग!"

"मंग रांगेत आलाच काहून?"

मी बैलांकडं बोट दाखवलं. बाईंनी भोवतालची शिंगं बघून फर्मान काढलं, "एकही मूल खाली उतरणार नाही!" रांग सरकली की बैल सरकायचे. माझा सल्ला कुणी घेत नव्हतं.

शेवटी गाडी काट्यावर चढली. खिडकीतल्या बाबूनं मान वर न करताच विचारलं, "ऊस कोणत्या जातीचा?"

मागून एक पोरगं बोंबललं, "इंग्लिश मीडियम!"

बाबूनं वर बघितलं. पोरं बघितली. बाई बघितल्या. मग नकळत त्याची नजर आकड्याकडं गेली.

"खबरदार! वजन मोठ्यानं वाचाल तर!" बाई कडाडल्या.

"समद्यांचं एकत्रच येतंय, बाई. भिऊ नका," बाबू म्हणाला, आणि अख्खी रांग खो खो हसायला लागली.

काट्यापुढं ऊस उतरवायची जागा. सुलतान तिकडंच निघालेला! तेवढ्यात सुनंदानं स्कूटी फेकली, आडवी आली, वेसण धरली आणि म्हणाली, "चल रं माघारी." दोघं गपगुमान वळले. इतका वेळ मी घसा फोडत होतो तो काय बहिऱ्यांपुढं?

शेतावर परतल्यावर बसमध्ये चढताना बाईंनी पोरांना विचारलं, "काय आवडलं?"

"काटा!" सगळे ओरडले.

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "पुढच्या वर्षीही येऊ. पण गाडी या हाकतील."

"आणि मी, मॅडम?"

"तुम्ही मागं बसा."

तेव्हापासून गाडी सुनंदा हाकते. मी मागं सातवीत बसतो आणि बाईंनी बजावल्याप्रमाणे हात गाडीच्या आत ठेवतो.